हातातला रिफ्रॅक्टोमीटर: द्राक्षाला खरा, मटाराला चकवा

'फळातली साखर अचूक मोजा' असं खोक्यावर ठळक छापलंय. एक हंगामभर वापरून सांगतो, त्यातलं 'मोजा' खरं आहे. 'साखर' आणि 'अचूक' या दोन शब्दांसाठी मी पाचातला एक स्टार कापला.

० ते ३२ ब्रिक्सची, डोळ्याला लावायची साधी नळी आहे. बॅटरी नाही, बटण नाही. काचेवर दोन थेंब रस टाकायचा, झाकण टेकवायचं आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोन्हींमधली रेघ ज्या आकड्यावर, तेवढे ब्रिक्स. नुसतं साखरेचं पाणी असेल तर १०० ग्रॅममध्ये जितके ग्रॅम साखर, तितके ब्रिक्स, हिशेब सरळ. पण फळाचा रस म्हणजे साखरपाणी नव्हे. प्रकाश किती वाकतो एवढंच या नळीला कळतं, आणि आम्लंही त्याच आकड्यात मोजली जातात. मांडवावरच्या हिरव्या, कडक द्राक्षाचे पहिल्यांदाच ५ ब्रिक्स आले, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, पाच टक्के साखर असेल तर माझे दात का आंबले?"

तिचं बरोबर होतं. मणी धरल्यापासून पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागेपर्यंत, द्राक्ष मुख्यतः आम्लं साठवतं, टार्टारिक आणि मॅलिक. माझ्या वहीत या काळात सलग तीन आठवडे ५च्या आसपासच आकडे आहेत. नळी बिघडली असं वाटून मी दोनदा शून्य तपासलं. मग एका सकाळी घडातले काही मणी बोटाला मऊ लागले, अंगातून उजेड दिसायला लागला, आणि त्यानंतरच्या दहा दिवसांत ५चे ९ झाले. यंत्र इथे पैसे वसूल करतं. पानांत तयार झालेली सुक्रोज आता मण्यात येऊन पडते, तिथली एन्झाइमं तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे करतात. मॅलिक आम्ल मणी स्वतःच्या श्वसनात जाळतो. टार्टारिक मात्र साधारण तेवढंच राहतं, मणी फुगल्यामुळे त्याचा जोर ओसरतो इतकंच. म्हणून आकडा सारखा असूनही दोन घडांची चव वेगळी लागू शकते, आणि ते ही नळी कधीच सांगणार नाही. जीभ वापरा.

आणखी एक: एकाच मण्यावर विसंबू नका. माझ्याकडे एका घडाच्या खांद्यावरचा मणी १९, शेंड्याचा साडेसोळा. वरचे, मधले, खालचे मणी एकत्र चिरडून रस घ्या. आणि घाईने तोडू नका, कारण द्राक्ष तोडल्यावर गोड होत नाही. साखर वेलावरूनच यायची असते.

केळ्याचं नेमकं उलटं. कच्च्या केळ्यात गोडवा आधीच भरलेला असतो, पण स्टार्चच्या रूपात, आणि स्टार्च विरघळत नाही म्हणून नळीला तो दिसत नाही. मी एकाच फणीतली केळी दर दोन दिवसांनी समान वजनाच्या पाण्यात कुस्करून, गाळून मोजली. पहिल्या दिवशी आकडा जेमतेम हलला. त्याच केळ्याच्या चकतीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला तर चकती काळीनिळी झाली. सालीवर ठिपके आले तेव्हा आकडा कितीतरी वर, आणि आयोडीनचा डाग फिका तपकिरी. बाहेरून काहीच आलेलं नव्हतं. इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सुटल्यावर आतल्या एन्झाइमांनी स्टार्च फोडून साखर केली होती.

आता मटार, जिथे मी सपशेल फसलो. फुलं उमलली त्या दिवशी देठांना लाल दोरे बांधले होते. १८व्या दिवशीचे कोवळे दाणे खलात ठेचून फडक्यातून पिळले: १३. २४व्या दिवशी ११. ३०व्या दिवशी ९, तेही अंदाजाने, कारण रेघच धुरकट झाली. निळं-पांढरं एकमेकांत मिसळलेलं, जणू काचेवर दूध सांडलंय. अर्धा तास मी काच पुसत बसलो! नंतर तो रस ग्लासात ठेवला तर तळाला पांढरा साका बसला. तो स्टार्च. शेंगेतून येणारी साखर दाणा स्टार्चमध्ये बांधून टाकत होता, म्हणून दाणा भरत असताना आकडा पडत होता. माहितीपत्रकात 'आकडा जास्त म्हणजे पीक तयार' एवढं एकच वाक्य आहे. बियाण्यासाठी मटार ठेवणाऱ्याने ते वाचून काय करावं?

बाकी बारीकसारीक. शून्य लावायला डिस्टिल्ड वॉटरच घ्या. तापमानाची दुरुस्ती १० ते ३० अंशांपुरतीच आहे, तेव्हा फ्रिजमधून काढलेलं फळ लगेच मोजू नका. रस वाळू दिला तर काचेवर चिकट पापुद्रा बसतो. डोळ्यापाशी असलेलं रबर दुसऱ्याच महिन्यात निघालं. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

लाल दोऱ्याच्या शेवटच्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या. खुळखुळा वाजायला लागला तेव्हा सोलल्या. पिळायला थेंबही नव्हता, नळी पेटीतच राहिली. एका वाफ्यातले दाणे गोल गुळगुळीत, दुसऱ्या जातीचे सुरकुतलेले. हीच ती आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने १८६६ साली छापलेल्या निबंधातली जोडी. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक एन्झाइम निकामी असतं, त्यामुळे साखर साखरच राहते, ती पाणी धरून ठेवते, आणि ते पाणी उडालं की साल आक्रसते. मुलीने दोन्ही दाणे जिभेवर ठेवून पाहिले आणि वहीत त्यांच्यापुढे ब्रिक्सच्या रकान्यात फुली मारली.