गेल्या वर्षीच्या पेट्या आणि यंदाचा खंड: ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’मधले करार

हापूसची बाग खंडाने घेणारा गेल्या वर्षीच्या पेट्या मोजून बोली लावत नाही. हापूस वर्षाआड धरतो. तो मोहोर बघतो, कलमांचं वय बघतो, मग आकडा सांगतो. ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या संगणकावरच्या सिम्युलेशन गेममध्ये खेळाडू घेताना हीच नजर लागते. गेम घ्यावा तोही मुख्यतः याच भागासाठी.

मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचे नियम त्यात नीट बसवलेत. लीगमधल्या सेवेचे १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२६ साठी तो ७ लाख ८० हजार डॉलर), पुढची तीन आर्बिट्रेशनची (पगारावर एकमत नसेल तर लवाद आकडा ठरवतो), आणि सहा वर्षं भरली की फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. म्हणून एकाच ताकदीच्या दोघांचे पगार कित्येक पटींनी वेगळे दिसतात.

दुखणं आहे ते भावात. आर्थिक सेटिंग्जमध्ये सुपरस्टार, स्टार, चांगला, सरासरी अशा पायऱ्यांना ठरावीक पगार लिहिलेला असतो. आपण लीग बदलली, संघ वाढवले की हे आकडे आपणच तपासायचे. मोजायचं एकक ‘वॉर’: हाताशी सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा याने किती सामने जास्त जिंकून दिले. नुसत्या बदली खेळाडूंचा संघ १६२ पैकी ४७-४८ सामने जिंकेल असं धरतात. त्यामुळे ३० संघांच्या लीगमध्ये वाटायला साधारण १००० वॉर उरतात.

एका वॉरचा भाव काढताना सगळ्या लीगच्या पगाराला १००० ने भागू नका. पहिल्या सहा वर्षांतली स्वस्त पोरं त्यात आली की भाव खाली पडतो. दोन मोसमांमधल्या हिवाळ्यात सही केलेले फ्री एजंट तेवढे वेगळे काढा. त्यांच्या करारांच्या बेरजेतून प्रत्येकाचा दरवर्षीचा किमान पगार वजा करा आणि उरलेल्या रकमेला करारभरातल्या अपेक्षित वॉरने भागा. या भावाशी पायऱ्यांचे आकडे जुळवून घ्या.

समजा भाव ८० लाख डॉलर निघाला (वजा केलेला किमान पगार इथे सोडून देऊ). ३१ वर्षांचा, ४ वॉरचा खेळाडू पाच वर्षं मागतोय. भोळा हिशेब ४ × ५ × ८० लाख, म्हणजे १६ कोटी. पण तिशीनंतर दरवर्षी अर्धा वॉर घसरण धरायची: ४, ३.५, ३, २.५, २. बेरीज १५, किंमत १२ कोटी, वर्षाला २ कोटी ४० लाख. वयाचे ४ कोटी विसरलात तर शेवटची दोन वर्षं हा पगार गळ्यात पडतो. ह्वान सोटो या बॅटरला डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने १५ वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर दिले, त्यामागे तो तेव्हा २६ वर्षांचा होता हे मोठं कारण.

आर्बिट्रेशनमध्ये मात्र उलटं. तिथे होमरन, सेव्ह (थोडक्या आघाडीचा सामना शेवटी राखणं), मागच्या मोसमाचे आकडे यांनाच जास्त वजन असतं, म्हणजे चक्क गेल्या वर्षीच्या पेट्या! बचावात भारी पण फटके कमी असलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) तिथे स्वस्तात राहतो आणि क्लोजर, म्हणजे शेवटी सामना राखणारा पिचर (चेंडू टाकणारा), महाग पडतो. चांगल्या गेमने हे दोन हिशेब वेगळे ठेवायला हवेत.

बाकीचे संघ चालवणारे संगणकाचे व्यवस्थापक खेळाडू कशावरून जोखतात, त्याची चार वजनं बदलता येतात: रेटिंग, चालू मोसम, मागचा आणि त्याच्या मागचा. चालू मोसमाचं वजन फार ठेवलं, तर नशिबाने .३४० (हजार संधींत ३४० यशस्वी फटके) मारलेल्या बॅटरसाठी ते पैसे उधळतात. मग तुम्हाला जिंकणं सोपं, पण खेळण्यात राम नाही. रेटिंगचं वजन वाढवा.

पैसे कधी द्यायचे हाही भावाचाच भाग. डॉजर्स संघाच्या शोहेई ओतानीचे ७० कोटी डॉलर दहा वर्षांचे दिसतात. त्यातले ६८ कोटी बिनव्याजी, २०३४ ते २०४३ मध्ये मिळायचे आहेत; लक्झरी टॅक्ससाठी (संघाचे पगार ठरावीक मर्यादेबाहेर गेले की लागणारा कर) वर्षाला ७ नव्हे, साधारण ४.६ कोटीच धरले जातात. जो गेम असा करार छापील आकड्याने मोजेल तो चुकला.

आपल्याकडच्या टेनिस क्रिकेटच्या लिलावात पॉइंट संपले की उरलेली नावं बेस प्राइसला जातात. इथेही फेब्रुवारी-मार्चपर्यंत सही न झालेल्यांच्या मागण्या खाली येतात. तिसरा-चौथा पिचर तेव्हाच, एका वर्षासाठी घ्यावा. गेममध्ये खेळाडूच्या स्वभावात ‘हाव’ जास्त दिसली तर आधीच बाजूला व्हा.

गेममधल्या ‘परफेक्ट टीम’ या खेळाडूंची कार्डं जमवून इतरांशी ऑनलाइन खेळायच्या प्रकाराला सतत नेट लागतं, त्यामुळे जूनमध्ये लाइन गेली की तो बंद. करारांचा खेळ एकट्याने, नेटशिवाय चालतो.