जिगिंग रॅप: कोवळा वॉलाय जगवायचा तर आधी पक्कड चालवा

गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून वॉलायसाठी (उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा) गळ टाकून बसणाऱ्यांच्या डबीत रापाला कंपनीचं जिगिंग रॅप हे कृत्रिम आमिष बहुधा असतेच. जड, आडवी लोंबणारी धातूची मासोळी, पाठीवर दोरी बांधायची कडी, शेपटीला प्लास्टिकचा पर. वर झटका देऊन दोरी सैल सोडली की ती सरळ खाली न पडता तिरकी पोहत जाते आणि वळून पुन्हा भोकाखाली येते. दूरवरचा वॉलाय भोकापर्यंत खेचून आणण्याच्या कामात ती फार सरस आहे. मात्र लहान मासे धडधाकट परत सोडायचे असतील, तर पाकिटातून काढून तशीच पाण्यात सोडू नका.

अडचण गळांची आहे. नाकाशी एक आणि शेपटीशी एक असे दोन एकेरी गळ अंगातच ओतलेले, शिवाय पोटाखाली तिहेरी गळ. एकूण पाच टोकं, प्रत्येकाला रुतलेला गळ सुटू न देणारा उलटा काटा. पंचवीस सेंटीमीटरच्या वॉलायच्या तोंडात हे आमिष धड मावत नाही, तो कडेने चावतो. मग एक टोक ओठात रुततं आणि पोटाखालचं दुसरं गालात किंवा डोळ्यापाशी. वर आणताना तोच तिहेरी गळ भोकाच्या खालच्या कडेला अडकतो, मासा अर्धवट भोकात, दोरी ताणलेली. इथे दोरी तुटते किंवा जबडा फाटतो.

म्हणून घरीच बसून दोन कामं उरकावीत. पाचही उलटे काटे बारीक तोंडाच्या पक्कडीने दाबून सपाट करा. कापसाच्या बोळ्यातून गळ ओढून पाहा; धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात (तिथे याच माशाला पिकरेल म्हणतात) काटा नसलेला गळ सक्तीचाच आहे. दुसरं काम, पोटाखालचा तिहेरी गळ काढून त्या जागी एकेरी गळ लावा किंवा जागा रिकामी ठेवा. काही चावे हुकतील, हे खरं. दोरी सैल पडू दिली तर काटा नसलेला गळ सुटतोही. काठी वाकलेली ठेवून एकसारखं ओढत राहिलं की सुटण्याचं प्रमाण फारसं उरत नाही.

माप निवडताना 5 आणि 7 यांत गल्लत नको. 5 क्रमांकाची मासोळी 5 सेंटीमीटरची, वजन 9 ग्रॅम. 7 ची 7 सेंटीमीटर, 18 ग्रॅम. जिथे एकामागोमाग वीतभर लांबीचेच मासे लागत असतील तिथे 7 लावा. लहान मासे पूर्ण थांबत नाहीत, पण कमी होतात. आमिष बदलूनही तेच येत असतील तर जागा सोडा. कोवळ्यांचा थवा खाली असताना तिथेच बसून राहण्याने काही साधत नाही.

सहा ते आठ पौंड ताण सोसणारी दोरी पुरते. आमिषाच्या अर्धा मीटर वर फिरकी कडी हवीच, नाहीतर दोरीला पीळ पडतो. तळापासून वीतभर वर ठेवून 40-50 सेंटीमीटरचा झटका, मग सैल सोडून पाच-दहा सेकंद स्तब्ध. चावा बहुतेकदा याच थांब्यात येतो. जिवंत मासोळी लावून सोडून दिलेल्या दोरीवर वॉलायला आमिष गिळायला सवड मिळते आणि गळ घशात जातो. इथे काठी हातात असते, चावा कळताच ओढता येतं, त्यामुळे गळ सहसा ओठातच राहतो. लहान माशांच्या दृष्टीने या आमिषाचा सगळ्यात मोठा गुण हाच. जवळच दुसरी दोरी सोडली असेल तर ही तिरकी पळणारी मासोळी तिच्यात गुंतते, एवढं सांभाळा.

पाणी साधारण 9-10 मीटरपेक्षा खोल असेल तर मात्र कोणतंही आमिष लहान माशाला वाचवू शकत नाही. वॉलायचं वाताशय (तरंगण्यासाठीची पोटातली हवेची पिशवी) बंद असतं, वर येताना फुगलेली हवा त्याला झटकन सोडता येत नाही. जठर तोंडात येतं, डोळे बटबटीत होतात, सोडला तरी तो बर्फाखाली तरंगत राहतो. पोटात सुई खुपसून हवा काढायचा प्रयोग करू नका. तिथे 'पकडा आणि सोडा' चालत नाही; खायला हवे तेवढे मिळाले की दोरी गुंडाळायची.

उथळ पाण्यातला मासा वाचतो, पण थंडी त्याला सेकंदांत मारू शकते. उणे वीसमध्ये कल्ल्यांचे नाजूक पदर आणि डोळे गोठतात. त्यामुळे झाऱ्याने भोकातला बर्फाचा चुरा आधीच काढून ठेवा, पक्कड गळ्यात अडकवा, हात ओले करा आणि गळ जमेल तर पाण्यातच सोडवा. माशाला बर्फावर टाकलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. गळ खोल गेलाच असेल तर दोरी कापून टाका.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक ऑफ द वूड्स तळ्याच्या मिनेसोटा (अमेरिका) बाजूला 19.5 ते 28 इंचांचे वॉलाय सोडावेच लागतात, कारण अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्या त्यात येतात. त्याहून लहानांना हे कलम लागू नाही. मादीला अंड्यावर यायला तिथल्या थंड पाण्यात चार-सहा वर्षं लागतात, तोवर तिला वाचवणं पूर्णपणे गळ धरणाऱ्याच्या हातात.

टिकाऊपणात शेपटीचा पर कच्चा दुवा आहे. भोकाच्या कडेवर आपटला की निखळतो आणि पराशिवाय मासोळी तिरकी पोहत नाही, नुसती खाली पडते. नवी असतानाच पराच्या बुडाशी झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडा. घ्यायचीच तर एक 7 आणि एक 5 घ्या, आणि त्याच वेळी सुटे एकेरी गळही.