पालशेत रस्त्यावरची व्हॅनिला: शेंगा घ्याच, पूड राहू द्या

गुहागरहून पालशेतकडे जाताना एका आगराच्या बेड्याशी, म्हणजे बागेच्या फाटकाशी, छोटंसं दुकान लागतं. कोकम, जायफळ, दालचिनी तिथे आहे, पण ते काय, इकडे कुठेही मिळतं. मी जाते ती व्हॅनिलाच्या शेंगांसाठी. माझा घरगुती आइस्क्रीमचा धंदा आहे, त्यामुळे माल कसा आहे हे गिऱ्हाईकच तोंडावर सांगतं.

एका शेंगेचे दीडशे रुपये. ऐकून डोळे पांढरे होतात खरे, पण फूल एकच दिवस उमलतं आणि दुकानवाल्या काकी सकाळीच काडी घेऊन एकेका फुलाचं परागीकरण हाताने करतात. पुढे आठ-नऊ महिने शेंग वेलावर. आणि खरं काम तर ती उतरवल्यावर सुरू होतं.

दुसरीकडे मला हिरव्या शेंगा अर्ध्या भावात मिळत होत्या. दुकानवाल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "अगो, हिरवी शेंग म्हणजे नुसता घेवडा. वास कुठून यायचा?" बरोबर आहे. हिरव्या शेंगेत सुवासाचा रेणू, व्हॅनिलिन, ग्लुकोजला बांधलेला असतो. हे ग्लुकोव्हॅनिलिन, म्हणजे ग्लुकोसाइड. बांधलेला रेणू उडत नाही, मग नाकाला कळणार कसा? ही गाठ सोडवणारं एन्झाइमही शेंगेतच असतं, पण एरवी दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत. ते कप्पे फुटावेत म्हणून काका शेंगा ६३ ते ६५ अंशांच्या पाण्यात तीनेक मिनिटं बुडवतात, थर्मामीटर लावून. पाणी फार तापलं तर एन्झाइमच मरतं. मग घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, वाळवायचं, पेटीत मुरवायचं. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून जेमतेम किलोभर माल उतरतो.

फेसलेल्या मोहरीचा झणकाही याच घराण्यातला. तिच्यातल्या सिनिग्रिनलाही ग्लुकोज चिकटलेलं असतं. मोहरी वाटून पाणी लागलं की मायरोसिनेज हे तिचं एन्झाइम ते तोडतं आणि नाकाला झिणझिण्या येतात. फोडणीत तडतडलेली मोहरी झोंबत नाही, कारण तिचं एन्झाइम तेलात जळालेलं असतं.

काकांची शेंग वीतभर, काळपट, तेलकट. बोटाला गुंडाळली तरी तुटत नाही. चिरून सुरीच्या पाठीने खरवडली की खसखशीहून बारीक दाणे निघतात. लिटरभर दुधाला एक शेंग पुरते. एखाद्या शेंगेवर पांढऱ्या चमकदार सुया दिसतात. एका बाईंनी बुरशी समजून ती परत केली, ती मी लगेच उचलली. ते व्हॅनिलिनचे स्फटिक असतात. बुरशी कापसासारखी पसरते आणि कुबट येते.

इसेन्सला मी सरसकट नावं ठेवत नाही. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी कृत्रिम व्हॅनिलिन केलं तेही कोनिफेरिनपासून, म्हणजे सूचिपर्णी झाडांतल्या एका ग्लुकोसाइडपासूनच. रेणू तोच. शेंगेत मात्र त्याच्याबरोबर शेकडो इतर द्रव्यं असतात, आणि ती शहाळ्याच्या आइस्क्रीममध्ये लगेच कळतात.

तक्रार पॅकिंगची. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत शेंगा देतात. आपल्या पावसाळ्यात त्या आठवडाभरही धड राहायच्या नाहीत. घरी नेल्याबरोबर काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा. सुटी पूड घेऊ नका, तिचा वास उडालेला असतो.

दुपारी एक ते चार बंद. यूपीआयची पाटी आहे, पण आगरात रेंज नसते, रोख न्या.