सोलापुरात गोचीड-पिसवांवर काय घ्यावं: गोळी, पिपेट, फवारा की पट्टा?

कुत्र्यासाठी चघळायची गोळी आणि मांजरासाठी मांजराच्याच मापाची पिपेट (कातडीवर रिकामी करायची औषधाची छोटी नळी), असा निकाल आधीच सांगून टाकतो. पेट शॉपमध्ये आणि जनावरांच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बाकीच्या मालातला थोडाच कामाचा आहे, बराचसा नुसता वासाचा. एखादी बाटली तर मांजराच्या जिवावर उठणारी.

आधी इथली हवा समजून घ्या. पिसवांच्या अळ्यांना ओल लागते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली किंवा पारा ३५ अंशांच्या वर राहिला की त्या मरतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये पिसवा कमी होतात आणि पाऊस लागला की उसळतात. गोचिडाचं तसं नाही. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आपला उन्हाळा आरामात काढतो, कारण तो मुक्कामाला घरातच असतो: शहाबादी फरशीच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीमागे, कूलरच्या स्टँडखाली, भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते, अशाच एखाद्या फटीत काही हजार अंडी घालते आणि मरते. त्यामुळे इथे ‘सीझनपुरतं औषध’ चालत नाही, बारा महिने द्यावं लागतं.

गोळी. अफोक्सोलॅनर (नेक्सगार्ड) महिन्याला एक, फ्लुरालॅनर (ब्रॅव्हेक्टो) बारा आठवड्यांना एक. दोन्ही वजनाच्या पट्ट्यांप्रमाणे मिळतात. नेक्सगार्डच्या पट्ट्या २ ते ४, ४ ते १०, १० ते २५ आणि २५ ते ५० किलो अशा आहेत. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. अंदाजपंचे आकडा सांगू नका. अकरा किलोच्या कुत्र्याला दहापर्यंतची गोळी दिली तर महिन्याच्या शेवटी औषध अपुरं पडण्याची शक्यता असते. पैसे वाचवायला मोठी गोळी आणून दोन छोट्या कुत्र्यांत अर्धी-अर्धी वाटण्याची युक्ती इथे सर्रास सांगितली जाते. ती करू नका, औषध दोन्ही अर्ध्यांत सारखं उतरेल याची खात्री नसते. फ्लुरालॅनर जेवणासोबतच द्यायचं, रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. तारखेची खूण कालनिर्णयवर करा. बारा आठवडे हा काळ विसरायला अगदी पुरेसा आहे.

‘गोळी दिली तरी गोचीड दिसतो’ ही तक्रार हमखास येते. गोळी गोचिडाला पळवून लावत नाही. त्याने चावून रक्त प्यायल्यावरच औषध त्याच्या पोटात जातं आणि मरायला एक-दोन दिवस लागतात. वाळलेला, पाय हलवत नसलेला गोचीड सापडला तर औषध चाललंय असं समजा. पण एर्लिकियाचे (गोचिडातून होणाऱ्या रक्ताच्या आजाराचे) जंतू गोचीड चावल्यानंतर काही तासांतच रक्तात उतरू शकतात, म्हणून गोळी चालू असली तरी रोज हात फिरवायचाच: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली. सापडलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडीचा चटका, तेल यांच्या नादी लागू नका, आणि नखाने चिरडू तर अजिबात नका.

फिट येणाऱ्या कुत्र्याला ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटातल्या औषधांबाबत थरथर आणि झटक्यांचा इशारा दिला होता.

पिपेट. फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रीनची (फ्रंटलाइन प्लस आणि तशीच इतर). कुत्र्यासाठी १० किलोपर्यंत ०.६७ मिली, २० पर्यंत १.३४, ४० पर्यंत २.६८, मांजरासाठी ०.५ मिली. यातलं मेथोप्रीन पिसवांची अंडी आणि अळ्या वाढू देत नाही, म्हणून पावसाळ्यात साध्या फिप्रोनिलपेक्षा हीच बरी. गोचिडावर मात्र गोळीइतकी भरवशाची नाही. फसते ती बहुतेक वेळा टाकण्याच्या पद्धतीमुळे. औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं. नुकतीच शांपूने आंघोळ घातली असेल तर ते तेलच उरत नाही, म्हणून आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ बंद. केस बाजूला सारून कातडी दिसू द्या आणि मानेच्या बुडाशी, जीभ पोचणार नाही अशा जागी रिकामी करा. केसांवर ओतलेलं औषध वायाच गेलं. मांजराने चाटलं तर तोंडाला फेस येतो. तो सहसा थोड्या वेळाने थांबतो.

फवारा. फिप्रोनिल ०.२५ टक्के. माल चांगला, वापर चुकीचा. प्रमाण किलोला ३ ते ६ मिली. १०० मिलीच्या बाटलीचा एक दाब साधारण अर्धा मिली, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला किमान साठ दाब. लोक दहा-बारा मारतात आणि औषधाला नावं ठेवतात. केस उलटे करत मुळापर्यंत भिजवा, हातमोजे घाला, पंखा-खिडकी चालू ठेवा. त्यात स्पिरिट असतं, त्यामुळे देवघर आणि गॅसपासून लांब.

पावडर, शांपू आणि स्वस्त पट्टे यांवर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. शांपूने अंगावरचे मरतात, दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे चढतात.

आता ती बाटली. गाई-म्हशींसाठीचं सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन घरात असतंच, तेच कुत्र्याला आणि उरलेलं मांजराला चोळलं जातं. ही पायरेथ्रॉइड गटातली औषधं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. थरथर, लाळ, झटके आणि मृत्यू, असा तो क्रम असतो. परमेथ्रिन असलेली कुत्र्याची पिपेटसुद्धा मांजराला विषच, आणि कुत्र्याला लावली तर ती वाळेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका. पाण्यात कालवून लावायचं अमिट्राझही (१२.५ टक्के) मांजराला चालत नाही. कुत्र्याच्या खरजेसाठी ते डॉक्टरांनी सांगितलं तरच, साधारण लिटरला ४ मिली, दर वेळी ताजं कालवून. मधुमेह असलेल्या कुत्र्याला नाही.

औषध कितीही भारी असलं तरी घर तसंच ठेवलं तर पैसे पाण्यात. फरशीचे सांधे सिमेंटने भरा. कुत्र्याच्या अंगाखालची चादर गरम पाण्यात धुवा. रोज पाणी येत नाही अशा भागात निदान पाण्याच्या दिवशी तिचा नंबर पहिला लावा. पेस्ट कंट्रोल करायचं तर फटींत, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण अंड्यांतून नवे निघतात. त्या वेळी मांजर बाहेर आणि माशांची टाकी झाकलेली हवी.

पिसवांसोबत फीतकृमी येतो. गुदद्वाराशी तांदळासारखे दाणे दिसले की प्राझिक्वांटेल (किलोला ५ मिलीग्रॅम) लागतं, पण पिसवा राहिल्या तर जंत परत येतात. गोचिडातून आलेल्या आजाराची लक्षणं, म्हणजे ताप, जेवण सुटणं, पांढऱ्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा चहासारखी लघवी दिसली तर मेडिकलमध्ये जाऊ नका. दवाखान्यात रक्ताची स्लाइड आणि प्लेटलेट तपासून घ्या.

विकत घेताना पाकिटावरचा वजनाचा पट्टा, मुदत आणि सील बघा, सुटी पिपेट घेऊ नका. मे महिन्यात काचेच्या शोकेसमध्ये उन्हाला मांडलेला डबा असेल तर आतला मागून घ्या. ही औषधं ३० अंशांच्या आत ठेवायची असतात.