आंबोलीच्या सड्यावरील रात्रीची निसर्गफेरी : एक अभिप्राय

जूनच्या मध्यात आंबोलीतील एका स्थानिक वाटाड्याबरोबर आम्ही रात्रीची निसर्गफेरी केली. तीन तासांत दिसलेल्या प्राण्यांची यादी फार लांबली नाही. पण एकाच भेकापाशी (खरखरीत कातडीच्या बेडकापाशी) पाऊण तास बसवून, नवी जाती कशी घडते हे इतक्या नेमकेपणाने समजावणारा वाटाड्या मला यापूर्वी भेटलेला नाही.

पहिल्या दमदार पावसाने जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर, जेमतेम बोटभर खोल डबकी साचली होती आणि त्यांत आंबोली भेकाचे नर बसले होते. अंगठ्याएवढा जीव, रंगाने पिवळाधमक, कुशींवर वाघाची आठवण करून देणारे पट्टे. या पट्ट्यांवरूनच २००९ मध्ये त्याचे 'टायग्रिना' असे नामकरण झाले. वाटाड्याने शेजारी कोयना भेकाचे छायाचित्र धरले, तेव्हा पट्ट्यांच्या जागी डाग दिसले. या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) या दोनच जाती ज्ञात आहेत, दोन्ही सह्याद्रीतल्या आणि त्यांच्या ठिकाणांमध्ये सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटरचे अंतर. पूर्वज एकच, परंतु त्याची वस्ती विभागली गेली, मधली खोरी ओलांडून एकीकडचा नर दुसरीकडच्या मादीपर्यंत पोहोचेनासा झाला, आणि दोन्हीकडे साठत गेलेले बारीकसारीक बदल पुन्हा एकमेकांत मिसळले नाहीत, हे त्याने सावकाश उलगडले.

नैसर्गिक निवडीचा मुद्दाही त्याच डबक्यावर समजला. चार दिवस पावसाने ओढ दिली तर पाणी आटते. मग ज्या पिल्लांची वाढ मुळातच लवकर होते तीच पाय फुटून बाहेर पडतात आणि पुढे त्यांचीच वीण वाढते. वाटाड्याचा तरुण मदतनीस मात्र 'गरज होती म्हणून भेक बदलले' असे दोनदा म्हणाला. ही चूक सुधारायला हवी, कारण गरजेपोटी कोणी बदलत नाही, आधीपासून असलेल्या वेगळेपणातून काही टिकते इतकेच, आणि ऐकणाऱ्यांत शाळकरी मुले होती.

दुसरी तक्रार गटाच्या आकाराची. चौदा माणसे डबक्याभोवती मावत नाहीत, मागच्यांना काही ऐकू येत नाही. फ्लॅश वापरणाऱ्या एका गृहस्थांना मात्र वाटाड्याने तत्काळ थांबवले, हे आवडले.

सकाळी हिरण्यकेशीच्या मंदिराजवळील कुंडही दाखवतात. तेथील मासा २०२० मध्ये नवी जाती म्हणून नोंदवला गेला आणि पुढच्याच वर्षी ते ठिकाण जैवविविधता वारसा स्थळ झाले. येथे थोडा अधिक वेळ द्यायला हवा होता.

परतताना घाटरस्त्यावर एक भेक दिसताच वाटाड्याने गाडी थांबवली आणि ते कडेच्या गवतात शिरेपर्यंत मागच्या वाहनांना विजेरी दाखवत तो भर पावसात उभा राहिला. जायचे असल्यास पावसाच्या पहिल्या सरींनंतर लगेच जावे. उशीर केल्यास नरांचा तो पिवळा रंग पाहायला मिळेलच असे नाही.