प्रेडनिसोलोन चालू असलेल्या आईसाठी घेतलेला ग्लुकोमीटर: काही महिन्यांनंतर

आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. त्यावरच्या मेथोट्रेक्सेट या मुख्य औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी दिली. सांध्यांची सूज उतरली आणि शुगर चढली. तेव्हापासून हे शुगर मोजायचं मशीन रोज वापरात आहे.

सगळ्यात आधी वेळेचं सांगते. स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतली की शुगर दुपारपासून संध्याकाळपर्यंत वर राहते आणि रात्रीतून खाली येते. आईची एकाच दिवशी उपाशीपोटी ९८, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी २४६! नुसती उपाशीपोटीची तपासणी करणाऱ्यांना हे कळतच नाही. तीन महिन्यांच्या सरासरीतही सुरुवातीला फारसं दिसत नाही. आमच्या वहीतले दुपारचे आकडे बघूनच डॉक्टरांनी सकाळचं इन्सुलिन सुरू केलं, गोळीच्या वेळेला जुळणारं.

मशीन म्हणून चांगलं आहे. आकडे मोठे, उत्तर झटपट. पण आमवाताच्या हातांचा विचार बनवणाऱ्यांनी केलेला नाही, याचा मला खरंच राग येतो. स्ट्रिपच्या डबीचं झाकण अंगठ्याने उचलायचं, रक्ताचा थेंब घ्यायची ती बारीकशी स्ट्रिप चिमटीत धरायची, टोचणीची टोपी पिळून काढायची. आखडलेल्या बोटांनी यातलं एकही आईला जमत नाही. झाकण सैलही ठेवता येत नाही, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. त्यामुळे ते काम माझ्याकडे. कोमट पाण्याने हात धुवून, पुसून, न सुजलेल्या बोटाच्या कडेला टोचलं की रक्त सहज येतं. आंब्याचे हात न धुता तपासलं तर आकडा खोटाच चढतो.

खरी गरज पडली ती स्टेरॉइड कमी करत आणताना. डोस उतरला की इन्सुलिनही उतरवावं लागतं. एका संध्याकाळी आईला घाम फुटला, हात थरथरायला लागले, मशीनवर ६४. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ९१. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी युनिट कमी केले. शुगर वाढते म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद मात्र करू नका. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, मंदावलेलं असतं, जिवावर बेतू शकतं.

घेताना मशीनपेक्षा स्ट्रिपची किंमत बघा, खर्च तिथेच होतो. आणि ज्यांना वापरायचं आहे त्यांना दुकानातच डबी उघडून बघायला सांगा.