स्पर्धेचे पिस्तूल कोणाच्या हाती द्यावे : खानदेशातील नेमबाजांसाठी तुलनात्मक आढावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे सराव करणाऱ्या नेमबाजाला आपले पिस्तूल दुरुस्त करून किंवा स्वतःच्या हाताप्रमाणे बसवून घ्यायचे असेल, तर त्याच्यापुढे साधारणतः तीन पर्याय असतात : जिल्ह्याच्या ठिकाणचे परवानाधारक बंदूक दुरुस्तीचे दुकान, पुण्या-मुंबईकडील केवळ नेमबाजीच्या पिस्तुलांवर काम करणारा कारागीर, आणि पिस्तूल बनवणारी कंपनी किंवा तिचा अधिकृत विक्रेता. यांपैकी सर्वांत चांगला कोण, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ट्रिगर, मूठ आणि हवेची यंत्रणा ही तीन निराळी कामे आहेत, आणि कारागीर कामागणिक निवडावा असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत नाजूक काम ट्रिगरचे. स्पर्धेत १० मीटर एअर पिस्तुलाच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाच्या) ट्रिगरचे वजन, म्हणजे तो सुटण्यासाठी लागणारा जोर, ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही, तर २५ मीटर प्रकारातील पॉइंट टू-टू (०.२२ इंची काडतुसाच्या) पिस्तुलासाठी ही मर्यादा १००० ग्रॅम आहे. तपासणीच्या वेळी नळी उभी धरून ट्रिगरला वजन लावतात आणि ट्रिगर न सुटता ते उचलून दाखवण्यासाठी जास्तीत जास्त तीन संधी मिळतात. त्यामुळे नेमके ५०० ग्रॅमवर ट्रिगर बसवून देणाऱ्यापेक्षा, धूळ आणि तेल यांमुळे घर्षणात होणारा फरक लक्षात घेऊन दहा-वीस ग्रॅम वर ठेवणारा कारागीर मला अधिक विश्वासाचा वाटतो. खानदेशातील उन्हाळ्याची धूळ ज्याने पाहिलेली नाही, त्याला हे आपण होऊन सांगावे.

जिल्ह्यातील दुकानदाराचा हात प्रामुख्याने बारा बोअरच्या बंदुकांवर बसलेला असतो. बंदुकीचे कुलूप (घोडा-चापाची यंत्रणा) साफ करणे, स्प्रिंग बदलणे, गंज काढणे ही कामे तो उत्तम करतो आणि पिस्तूल लवकर परत मिळते. मात्र स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर ‘हलका’ करण्यासाठी आतील पकड कानसीने घासण्याची तयारी त्याने दाखवली, तर तेथेच थांबावे. कारण पृष्ठभागावरचा कठीण थर एकदा गेला की सुरुवातीला ट्रिगर मऊ लागतो, पण झीज वाढत जाऊन पुढे तो भरवशाचा राहत नाही. पुण्याकडील कारागीर निवडतानाही आपल्याच मॉडेलवर त्याने काम केले आहे काय, हे विचारलेच पाहिजे. मोरिनी कंपनीचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आणि स्टायर कंपनीचा यांत्रिक ट्रिगर यांत नावापुरतेच साम्य आहे.

भुसावळचे रेल्वे जंक्शन आणि भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माण्या यांमुळे आपल्या भागात फिटर-टर्नरांची कमतरता नाही, आणि त्यांच्या हातात खरोखर सफाई आहे. तरीही पॉइंट टू-टू पिस्तूल त्यांच्याकडे नेऊ नये, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीसाठीही परवाना लागतो. ४.५ मि.मी. नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवान्याची गरज नसल्यामुळे तेथे कायद्याची अडचण येत नाही. पण त्यांच्याकडून जोडवजने (तोल साधण्यासाठी पिस्तुलाला जोडायची वजने) करून घ्यावीत, ट्रिगर उघडू देऊ नये. जोडवजनांसह एअर पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत राहिले पाहिजे.

मुठीच्या बाबतीत माझा कल उलट आहे. येथे जवळचा माणूसच उपयोगी पडतो, कारण मूठ एका बैठकीत बसत नाही. लाकूड थोडे तासायचे, पुट्टी भरायची, काही दिवस नेम धरून पाहायचा, पुन्हा तासायचे, असा तो क्रम असतो. जळगावच्या मे महिन्यात तळहात घामाने ओला असतो आणि किंचित सुजलेलाही, म्हणून थंडीत वातानुकूलित खोलीत बसवलेली मूठ तेव्हा घट्ट वाटते. चांगला सुतार हे काम करू शकतो, फक्त मनगट मोकळे राहिले पाहिजे हा नियम त्याला आधी समजावून सांगावा. मूळ मूठ मात्र जपून ठेवावी आणि जादा मुठीवर प्रयोग करावेत.

हवेचे सिलिंडर, रेग्युलेटर (हवेचा दाब नियंत्रित करणारा भाग) आणि त्यांचे सील यांसाठी कंपनी किंवा तिचा अधिकृत विक्रेता हाच पर्याय आहे, मग पार्सलला वेळ लागला तरी चालेल. येथे दाब साधारणतः २०० बारपर्यंत असतो आणि सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते. मुदत संपलेली नाही याची जबाबदारी खेळाडूवरच असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर हिच्या पिस्तुलात पात्रता फेरीदरम्यान बिघाड झाला, मौल्यवान मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. सुटे भाग ज्याच्याकडे तयार असतात त्याला थोडे अधिक पैसे देणे म्हणूनच मला योग्य वाटते.

नळीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पिस्तूल शिकंज्यात बसवून वेगवेगळ्या पेलेट (एअर पिस्तुलाच्या गोळ्या) झाडून पाहण्याआधीच जो नळी बदलायला सांगतो, त्याच्याकडे जाऊ नये.

काम देताना पावतीवर पिस्तुलाचा क्रमांक, ट्रिगरचे आधीचे आणि नंतरचे वजन, बदललेल्या भागांची नोंद आणि जुने भाग परत मिळण्याची अट लिहून घ्यावी. हे लिहून देण्यास जो तयार नाही, तो कितीही नावाजलेला असला तरी मी त्याची निवड करणार नाही. ट्रिगरचे काम राज्य स्पर्धेच्या तोंडावर न देता हंगाम संपल्यावर द्यावे, म्हणजे नव्या ट्रिगरची बोटाला सवय होण्यास आणि काही बिनसल्यास पिस्तूल पुन्हा पुण्याला नेण्यास अवधी मिळतो.